आधी खाट, मग चोर

आमच्या घरात जमिनीची वाटणी एका दुपारी झाली. तलाठ्याकडचे कागद, दोन मध्यस्थ, तीनदा चहा, आणि दिवे लागायच्या आत सगळे आपापल्या वाटेला. आकाशाची वाटणी मात्र अजून व्हायची आहे. आम्ही सात सख्खी-चुलत भावंडं एकत्र जमलो, की कधी ना कधी तो वाद निघतोच. ताई म्हणते, खाट तिच्या पायांशी दिसायची. नाना म्हणतो, काहीतरीच, उजव्या हाताला. धाकट्याच्या आठवणीत ती थेट त्याच्या छातीवर टांगलेली आहे.

तिघांचंही खरं आहे. पालीतल्या आमच्या घरापुढच्या अंगणात चैत्र लागला की ओळीनं अंथरुणं पडत. उत्तरेला डोकं करायचं नाही, ती मढ्याची दिशा, एवढा एकच नियम. बाकी ज्याला जशी जागा मिळेल तसा तो आडवा होई. दक्षिणेला डोकं केलेल्यांना सप्तर्षी पायांशी, पूर्वेला डोकं केलेल्यांना उजव्या अंगाला. धाकट्याला झोप उशिरा लागायची. तोवर ते वर चढून आलेले असत, म्हणून त्याची खाट छातीवर.

खाट म्हणजे सप्तर्षीच. पण सप्तर्षी हा शब्द आम्हाला शाळेत भेटला. घरात ती म्हातारीची खाट होती. चार तारे म्हणजे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे खाट पळवायला आलेले तीन चोर. आजी सांगायची, खाटेचे तीन खूर सोन्याचे आणि एक साधा लाकडाचा, म्हणून तो मंद दिसतो. खरोखरच चारांतला एक तारा मंद आहे. पुस्तकात त्याचं नाव अत्री. चोर खाटेमागे रात्रभर ध्रुवाभोवती फिरतात, पण म्हातारीला झोपच लागत नाही, त्यामुळे त्यांना खाट कधी मिळत नाही. "म्हातारी माणसं का जागी असतात कळलं ना?" असं म्हणून आजी कुशीवर वळायची.

या गोष्टीनं घरात एकदा मोठी पंचाईत केली. आत्याच्या लग्नात रात्री भटजींनी नवरा-नवरीला अंगणात आणलं, ध्रुव दाखवला, मग वसिष्ठ-अरुंधती दाखवू लागले. सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटलेली बारीक चांदणी अरुंधती. नवरी शालीनतेनं वर बघतेय, वऱ्हाडी माना उंचावतायत, आणि सहा वर्षांचा धाकटा ओरडला, "अरे, ही तर मधल्या चोराची बायको!" व्याह्यांकडच्या मंडळींना तो विनोद कळायला पुढची दहा वर्षं लागली.

पाली म्हटलं की लोकांना बल्लाळेश्वर आठवतो, माघातली जत्रा आठवते, बाजारातले पोह्याचे पापड आणि मिरगुंडं आठवतात. आम्हाला आधी आठवतो तो डोंगराचा कठडा. चार सुळक्यांचा सरसगड गावाच्या अगदी डोक्याशी उभा, पलीकडे अंबा नदी, आणि नजर जाईल तिथे कुठला तरी डोंगर. त्यामुळे पालीत कुठलाही तारा वेळेवर उगवत नाही. पंचांगातली वेळ झाली तरी तो डोंगराआड थोडा रेंगाळतो आणि मग कड्यावर येऊन बसतो. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नावही कुलाबा होतं. त्याचा रायगड झाला १९८१ मध्ये.

आजीच्या आकाशात शोभेची वस्तू एकही नव्हती. तिथे खाट होती, विंचू होता, तिकांडं होतं. तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असे. पौषात तिकांडं मावळतीला टेकलं की चूल पेटवायची वेळ झाली. चैत्रात विंचू दक्षिणेला आला की पापडाचं पीठ मळायला घ्यायचं, म्हणजे उन्हं अंगणात येईपर्यंत पहिल्या चटया भरतात. भाद्रपद सरता सरता पहाटे दक्षिणेच्या डोंगरावर अगस्ती दिसू लागला की ती म्हणायची, आता पाणी निवळेल. नदीचं गढूळ पाणी खरंच त्या सुमारास निवळायला लागायचं. पाऊस ओसरतो आणि अगस्ती दिसतो या दोन गोष्टी एका वेळी घडतात, एवढंच त्यातलं शास्त्र. पण हंड्यानं पाणी भरणाऱ्या बाईला एवढं शास्त्र पुरेसं असतं.

आणि मिरग. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागायचं, घरात पेरणीची धांदल उडायची, आणि आम्ही मुलं विचारायचो, "आजी, मिरग लागला म्हणतेस, मग दिसत का नाही?" तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मिरग कामावर गेलाय." पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की पावसाचं नक्षत्र लागतं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. जूनमध्ये मृग सूर्यासोबत दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो. ढग नसते तरी तो दिसला नसता. म्हणजे आजी अक्षरशः खरं बोलत होती. मृग, मग आर्द्रा, मग तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, अशी एकेक नक्षत्रं पाळीपाळीनं कामावर जायची आणि काम आटोपलं की परत यायची. मार्गशीर्षात संध्याकाळी पूर्वेच्या डोंगरावर तिकांडं दिसलं की ती हात जोडायची. "आला बाबा घरी." घरी आलेल्या माणसाला विचारावं तसं त्याला विचारायची, "यंदा हात आखडता का घेतलास?"

हे आजीनं बघितलं कधी, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. कारण ती अंगणात कधी झोपलीच नव्हती. घरातल्या बायकांची अंथरुणं माजघरात. आकाश तिच्या वाट्याला आलं ते कामाच्या वेळी. पहाटे मागीलदारी, विहिरीवर, गोठ्यात जाताना, चुलीला लाकडं आणताना. जे काही शिकली ते हातात काहीतरी धरून, मान वर करून, दोन क्षणांत.

आमचंही तेच झालं. तेरावं लागलं आणि माझं अंथरूण आत गेलं. ताईचं आधीच गेलं होतं. कुणी काही बोललं नाही. एका रात्री अंगणात माझी गादी नव्हती, एवढंच. आत कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं, उजेडासाठी बसवलेलं. त्यातून एका वेळी एखादीच चांदणी दिसे आणि थोड्या वेळात ती सरकून जाई. भाऊ अंगणात, आम्ही काचेच्या कौलाखाली. त्यामुळे आज वाद घालताना नाना आकाशाच्या दिशा सांगतो, आणि ताई नि मी वर्षं सांगतो. अमुक तारा मी अमुक वर्षापर्यंत पाहिला.

भावांकडे आणखी एक शाळा होती, खळ्यावरची. भात कापून, झोडून रास पडली की ती घरी येईपर्यंत रात्री राखण लागे. राखणीला जवळच्या कातकरवाडीवरचा एक म्हातारा येई. खैराच्या लाकडाचा कात काढणारे ते कातकरी. कात काढायचं काम त्याच्या बापजाद्यांबरोबर संपलं होतं, नाव तेवढं उरलं होतं. नाना आणि धाकटा त्याच्या सोबतीला म्हणून जात, खरं तर पेंढ्यात झोपायला मिळावं म्हणून.

त्याचं आकाश आजीच्या आकाशापेक्षा वेगळं होतं. आजी तारे बघून उठायची, तो अंधार बघून निघायचा. मधाची पोळी काढायची ती अंधाऱ्या पाखात, चांदणं असलं की माश्या अंगावर येतात. चिंबोऱ्या धरायच्या त्या अवसेच्या आसपास, पुनवेला त्या पोकळ निघतात. चांदण्यात सावली पडते आणि सावली दिसली की जनावर बिचकतं. आम्ही चांदण्या मोजायचो, त्याला अंधार कितीचा आहे ते नेमकं ठाऊक असायचं. पंचांग न बघता तो तिथी सांगे आणि चुकत नसे. खाली नागोठण्याच्या खाडीवरच्या कोळ्यांचंही असंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीनला भरती. चंद्र ज्याच्या पोटाशी बांधलेला असतो त्याला कॅलेंडर लागत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर ही आठवण नुसती गोड होईल. त्या म्हाताऱ्याची कपबशी आमच्या गोठ्याच्या कुडात खोचलेली असे, वेगळी. तो ओटीवर चढत नसे. त्याला वयानं लहान असलेले आम्हीसुद्धा अरे-तुरे करत असू. पण खळ्यावर थंडी वाजली की नाना त्याच्याच घोंगडीत शिरायचा. "कुणी मना केलं नाही," नाना सांगतो, "कारण तिथे बघायला कुणी नव्हतं." राखण संपली की म्हातारा आपलं बिऱ्हाड घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जायचा, ते थेट मिरगाच्या तोंडाशी परत. मिरग कामावरून घरी येई तेव्हा तो कामावर गेलेला असे.

बाहेरच्या जगातलं आकाश आमच्या घरात आलं ते १९७९ च्या जुलैत. अमेरिकेची स्कायलॅब नावाची अंतराळातली प्रयोगशाळा खाली कोसळणार होती आणि ती कुठे पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. रेडिओवर तेच, बाजारात तेच. कुणी म्हणे कर्ज फेडू नका, कुणी म्हणे कोंबड्या आजच कापा. आणि पालीत धो धो पाऊस. आकाशातून मरण येणार म्हणून सगळं गाव वर बघत होतं आणि वर आकाशच नव्हतं, नुसते ढग. ११ जुलैला ती गेली आणि तुकडे ऑस्ट्रेलियात पडले असं कळलं, तेव्हा आजीनं विचारलं, "तिथे माणसं नाहीत होय?" 

पुढच्याच वर्षी, १६ फेब्रुवारी १९८० ला, सूर्यग्रहण. खग्रास पट्टा आमच्या खालून, कर्नाटकातून गेला. आमच्याकडे ते खंडग्रास होतं, पण बरंच मोठं. दुपारीच रस्ते ओस पडले. घरात लोणच्याच्या बरण्यांवर तुळशीपत्रं ठेवली गेली, काकूला दिवस गेले होते म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं, आम्हाला ओटीच्या खाली पाऊल टाकायला बंदी. ग्रहण कुणी बघायचं नव्हतं. पण ओटीवरून अंगण दिसत होतं, आणि अंगणात आंब्याचं झाड होतं. एरवी त्याच्या पानांतून उन्हाचे गोल कवडसे सारवलेल्या जमिनीवर पडायचे. त्या दुपारी बघता बघता ते कवडसे एका बाजूनं कुरतडले गेले. थोड्या वेळानं सगळ्या अंगणभर चंद्रकोरी पसरल्या. शेकडो. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या.

काकांनी समजावलं की पानांमधली प्रत्येक बारीक फट म्हणजे एक कॅमेरा. भोकातून आलेला उजेड सूर्याचं चित्र जमिनीवर उमटवतो. एरवीचे गोल कवडसेही सूर्याचीच चित्रं, आपण फक्त ती ओळखत नाही. आमच्या घरातला आकाशाचा पहिला फोटो तो. आंब्यानं काढलेला, आणि माझ्या वाट्याला पूर्ण आलेला, कारण त्या दिवशी पुरुषही ओटीवरच होते.

दुसरा फोटो काकांनी काढला, १९८६ मध्ये. हॅलेचा धूमकेतू शहात्तर वर्षांनी परत आला होता. मुंबईत त्या सुमाराला आकाश बघणाऱ्या तरुणांची मंडळं उभी राहत होती. खगोल मंडळ त्याच काळातलं, पुढे त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होऊ लागले. काकांना पालीत कोण सोबत? त्यांनी कुणाकडून तरी कॅमेरा उसना आणला, चारशे एएसएची फिल्म भरली, आणि गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री, म्हणजे अवसेच्या रात्री, भावांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेले. तिकाटणं नव्हतं, म्हणून भात मोजायची पायली पालथी घालून तिच्यावर कॅमेरा ठेवला. दक्षिणेकडे, विंचवाच्या अलीकडे, कापसाचा पिंजलेला बोळा असावा तसं काहीतरी होतं, एवढं नाना सांगतो. काकांनी बटण दाबून धरलं आणि शंभरपर्यंत आकडे मोजले.

आम्ही बायका त्या वेळी सणाच्या श्रीखंडासाठी चक्का टांगत होतो. धूमकेतू आम्हाला दुसऱ्या दिवशी जेवताना तोंडी मिळाला.

फिल्म धुऊन आली तेव्हा पाकिटात पाडव्याच्या गुढीचे फोटो होते आणि रात्रीचा एकही नव्हता. स्टुडिओतल्या माणसाला त्या चौकटी कोऱ्या दिसल्या, वाया गेल्या समजून त्यानं छापल्याच नाहीत. पैसे वाचवले म्हणून तो उलट खूश होता. काकांनी निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिली आणि विषय मिटला. पुन्हा त्यांनी आकाशाचा फोटो काढला नाही.

त्यानंतर आकाश कधी गेलं ते नेमकं सांगता येत नाही. आळीत खांबावर दिवा आला. अंगणात पुढे स्लॅबची खोली निघाली. आंबा तोडला. उन्हाळ्यात पंख्याखाली झोपायची सवय झाली. पश्चिमेला नागोठण्याच्या बाजूचं आभाळ रात्रीही केशरी दिसू लागलं, मग उत्तरेचं. विजेपासून पळून येण्याची आमच्या जिल्ह्याला जुनी ओळख आहे. मुंबईत ट्राम विजेवर चालू होणार, त्यानं चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. लोहचुंबकाच्या सुईसाठी दुसरी जागा शोधली होती. तिकांड्यासाठी कुणी शोधली नाही, कारण ते गेल्याची तक्रारच कुणी केली नाही. १९९७ च्या वसंतात हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळचा मावळतीला चांगला ठळक दिसत होता. मी तो सासरी, शहरातल्या गच्चीवर, वाळत घातलेले कपडे काढताना पाहिला. हातात काहीतरी धरून, मान वर करून, दोन क्षण. आजीसारखाच.

२०२५ ची माघी चतुर्थी १ फेब्रुवारीला आली. जत्रेच्या निमित्तानं आम्ही सातपैकी सहा पालीत जमलो. दर्शन झालं, पापड घेऊन झाले, आणि संध्याकाळी नानाच्या शेतावर पोपटी लावायचं ठरलं. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर जाडं मीठ नि ओवा लावलेल्या शेंगा, मधे कांदे, बटाटे, अंडी, तोंडाशी पुन्हा पाला दाबून भरायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा नि गोवऱ्या रचून पेटवायचं. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की झालं. घरातल्या गॅसवर पोपटी होत नाही. तिच्यासाठी माणसाला रात्री उघड्यावर यावंच लागतं.

मावळतीला चतुर्थीची कोर आणि तिच्याजवळ शुक्र, इतका तेजस्वी की ताई म्हणाली, विमान आहे. माथ्याजवळ रोहिणीपाशी गुरू, पूर्वेकडे मिथुनेत तांबडा मंगळ. नानाचा मुलगा, माझा भाचा, तिकाटणं रोवून बसला होता. तो पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीत अंधार शोधत हिंडतो. त्याच्या मोबाइलमध्ये अंधाराचा नकाशाच आहे. राखणदार म्हाताऱ्यानंतर अंधाराची मोजदाद करणारा आमच्या ओळखीतला हा दुसरा माणूस.

मी विचारलं, "शंभरपर्यंत मोजायचं नाही का?" तो हसला. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे जास्त वेळ झाकण उघडं ठेवलं की तारे ठिपके न राहता रेघा होतात. पाचशेला भिंगाच्या आकड्यानं भागायचं. त्याचं भिंग चोवीसचं, म्हणून वीस सेकंद. तसे पुष्कळ फोटो काढून संगणकावर एकावर एक रचायचे, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही तेही दिसतं.

कोर मावळली तेव्हा तिकांडं डोक्यावर आलं होतं. त्यानं फोटो काढून ताईपुढे धरला. "ओळख बघू." ताईनं चष्मा पुसला, मोबाइल जवळ नेला, लांब नेला. फोटो सुंदर होता. खाली पोपटीचा जाळ, वर चांदण्यांचा नुसता पूर. "यात तिकांडं कुठंय?" ती म्हणाली. कुणालाच सापडेना. इतके तारे होते की त्यात ओळखीचं कुणी दिसेना, जत्रेत होतं तसं. शेवटी नानानं मोबाइल घेतला आणि पडद्याचा उजेड बोटानं कमी करत नेला. बारीक तारे एकेक करून विझले. उजेड अगदी तळाशी गेला तेव्हा तिघंच उरले, एका ओळीत. "हे बघ, घरी आला," नाना म्हणाला.

मग गोष्टींना ऊत आला. भाच्यानं सांगितलं की मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथलं आकाश नोंदवलं, २०१३ मध्ये ते छापून आलं, आणि गोंडांच्याही आकाशात खाट आहे नि तीन चोर आहेत. तिकांड्याच्या जागी त्यांना नांगर दिसतो. आकाशगंगा म्हणजे ढोरांची वाट. ताईला हे पटेना. खाट आजीची होती, ती गोंडांकडे कशी गेली? मला मात्र बरं वाटलं. आम्हाला वाटे, आजीनं आमच्यासाठी रचलेली गोष्ट आहे. ती तर कुठून कुठून चालत आली होती, आणि ऋषी तिच्यावर नंतर येऊन बसले असावेत. शतपथ ब्राह्मणातही नोंद आहे की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष, म्हणजे अस्वलं म्हणत. आपल्या दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी त्याच ग्रंथातल्या, कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या वाक्यावरून त्याचा काळ मोजायचा प्रयत्न केला. कुणीतरी कधीतरी उघड्यावर उभं राहून पूर्वेला बघितलं होतं, म्हणून ते वाक्य लिहिलं गेलं.

ऑस्ट्रेलियातले मूलनिवासी तर ताऱ्यांच्या मधला अंधारही वाचतात, भाचा म्हणाला. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांचा मिळून त्यांना एक भला मोठा इमू पक्षी दिसतो. त्रिशंकूजवळचा काळा डाग हे त्याचं डोकं. नाना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्या म्हाताऱ्याला कळलं असतं ते." आजीच्या जुन्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. स्कायलॅबचे तुकडे पडले तिथे माणसं होती, आणि त्यांचं आकाश आपल्याएवढंच भरलेलं होतं.

शेतापलीकडे कातकरवाडी आहे. त्या रात्री तिथे दोन-तीनच दिवे होते. दिवाळीनंतर वाडी वीटभट्ट्यांवर जाते, पोराबाळांसकट, पाऊस तोंडाशी येईपर्यंत. आता कोळशाच्या जागी विटा, एवढाच फरक. सरकारी यादीत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातले विशेष दुर्बल आदिवासी गट आहेत. म्हाताऱ्याचे नातू-पणतू कुठल्या तरी शहराच्या कडेला झोपडीबाहेर झोपले असतील, आमच्या लहानपणासारखे उघड्यावर. फक्त त्यांच्या डोक्यावरचं आकाश शहराच्या दिव्यांनी पुसलेलं. आम्ही हौसेनं उघड्यावर आलो होतो, ते अजून नाइलाजानं आहेत. हे कुणी बोललं नाही. शेंगा निवडताना वाडीकडे मात्र सगळ्यांचं लक्ष होतं.

पोपटी संपल्यावर भाच्यानं पिशवीतून एक छापील कागद काढला. काकांचा बिस्किटांचा डबा घर आवरताना त्याला सापडला होता. एकोणचाळीस वर्षं कुणी न पाहिलेली ती कोरी चौकट त्यानं संगणकावर उजळून आणली होती. दाणेदार करडं आकाश, त्यात बारीक बारीक तिरक्या रेघा, शंभर आकडे मोजेपर्यंत पृथ्वी जेवढी फिरली तेवढ्या लांबीच्या. एक रेघ जाड, ती विंचवाच्या काळजातली ज्येष्ठा. आणि उजवीकडे एक पांढुरका फुगीर डाग.

"हॅले!" नाना ओरडला.

"बुरशी," धाकटा म्हणाला. "चाळीस पावसाळे खाल्लेत त्या डब्यानं."

भाच्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की दोन्ही शक्य आहे. दुसरी चौकट असती तर पडताळून बघता आलं असतं. भावांचा वाद रंगला. ज्यांनी धूमकेतू प्रत्यक्ष पाहिला होता तेच भांडत होते. मी कागद हातात घेऊन बसले होते. मला त्या डागापेक्षा रेघांचं अप्रूप होतं. काका बटण दाबून आकडे मोजत होते, त्या वेळात मी घरात चक्क्याची पुरचुंडी खुंटीला बांधत होते. तेवढा वेळ कागदावर उमटला होता, करंगळीच्या नखाएवढा लांब.

अकरा वाजत आले. थंडी वाढली. निघायचं म्हणून सतरंजी झटकायला घेतली तेव्हा ताई म्हणाली, "राहू दे ती. अंथर इथेच." तिचं वय सत्तरीच्या घरात, गुडघ्यांचं दुखणं जुनं. आम्ही तिला धरून खाली बसवलं, मग ती हळूहळू आडवी झाली. मीही झाले. धाकटी वहिनी आली. तेराव्या वर्षानंतर मी पहिल्यांदा उघड्यावर पाठ टेकली होती, आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही, की झोपलेल्या माणसाला मान वर करावी लागत नाही.

डोकं दक्षिणेला केलं होतं. पायांकडे, ईशान्येच्या डोंगराच्या कडेवर, खाट वर आली होती. चारही खूर, एक मंद. मग पहिला चोर. बऱ्याच वेळानं दुसरा. त्याची बायको काही मला दिसली नाही, आता डोळे तेवढे राहिले नाहीत.

भाचा कॅमेरा आवरून गाडीत ठेवत होता. तिथूनच त्यानं हाक मारली, "आत्या, निघायचं ना?"

"थांब रे," ताई म्हणाली. "तिसरा अजून डोंगराआड आहे. तो नेहमीच मागे असतो."